दोन डिस्क, दोन सिस्टीम आणि सारखं बिघडणारं बूट: कारण कुठे शोधायचं

लक्षणं ओळखीची असतील. एका पीसीत दोन डिस्क, एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. महिना-दोन महिने सगळं सुरळीत चालतं आणि एके दिवशी मशीन भलत्याच सिस्टीममध्ये उघडतं, किंवा काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढं लिहून थांबतं. ओळखीचं कोणीतरी येतं, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात, काहीतरी खालीवर करतं, मशीन चालू होतं. परत दोन महिन्यांनी तेच.

आमच्याकडे हे दीड वर्ष चाललं. कोल्हापूरला ताई डीटीपीचं काम करते. तिच्या जुन्या फाइली श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आणि कोरल या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये आहेत, त्यामुळे तिला विंडोज लागतंच. मी प्रोग्रामिंग करतो आणि मला लिनक्सशिवाय सुचत नाही. मशीन एकच, म्हणून डिस्क वेगवेगळ्या ठेवल्या. तिची ४८० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे केबलने जोडायची, आणि माझी मदरबोर्डवर बसणारी एनव्हीएमई. एकाच डिस्कचे तुकडे करण्यापेक्षा हे चांगलं, एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला झळ लागणार नाही, असा सरळ हिशोब होता.

दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. ताईकडे एका दिवाळी अंकाची पानं लावायचं काम होतं. मला पुण्यात महिनाभर राहायचं होतं, म्हणून मी माझी एनव्हीएमई काढून सोबत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"अरे, काळा पडदा आलाय. काल तर चालू होता."

"मी फक्त माझी डिस्क काढलीये, ताई. तुझ्या डिस्कला हातही लावलेला नाही."

"मग माझं का बंद पडलंय? दोन फॉर्म आज प्लेटला जायचेत."

(फॉर्म म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच.) ती बरोबर विचारत होती. त्या दिवसापासून कारणं शोधत गेलो तेव्हा कळलं की आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती तीन वेगवेगळी दुखणी होती. पहिलं सगळ्यात मोठं आहे आणि तेच सगळ्यात जास्त घरांत असतं, म्हणून त्याच्यावर जास्त लिहितो.

डिस्क दोन, पण दार एकच

आजकालच्या मशीनमध्ये, म्हणजे यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली पद्धत) असलेल्या मशीनमध्ये, बूट कसं होतं, म्हणजे मशीन चालू करून सिस्टीम कशी उघडते, ते आधी बघू. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये नोंदींची छोटी यादी असते. प्रत्येक नोंद सांगते की अमुक डिस्कवरच्या अमुक पार्टिशनमधली (डिस्कच्या तुकड्यातली) अमुक फाइल चालव. ही फाइल ज्या पार्टिशनमध्ये असते त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. फॅट३२ पद्धतीचं, साधारण १०० ते ५०० एमबीचं असतं. विंडोज त्याला सी, डी असं अक्षर देत नाही, त्यामुळे 'धिस पीसी' उघडलं तरी ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

या एका छोट्या पार्टिशनमध्ये अनेक सिस्टीम गुण्यागोविंदाने राहू शकतात. आत मायक्रोसॉफ्ट नावाचं एक फोल्डर असतं, उबुंटू नावाचं दुसरं. म्हणून नवीन सिस्टीम टाकताना इन्स्टॉलर आधी बघतो की मशीनमध्ये असं पार्टिशन कुठे आहे का. सापडलं तर बऱ्याचदा तेच वापरतो, मग ते कुठल्याही डिस्कवर असो. एकाच डिस्कवर दोन सिस्टीम असतील तर हे सोयीचं आहे. दोन डिस्क असतील तर मात्र एका सिस्टीमची सुरुवात दुसऱ्याच्या डिस्कवर जाऊन बसते. बिऱ्हाडं दोन, पण दाराची किल्ली एकाच्याच खिशात.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. माझी एनव्हीएमई मशीनमध्ये आधीपासून होती. ताईची एसएसडी नंतर दुकानातून बसवून आणली आणि माझी डिस्क जागेवर असतानाच तिच्यावर विंडोज टाकलं गेलं. विंडोजच्या सगळ्या फाइली ताईच्या डिस्कवर, पण सुरू करणारी फाइल माझ्या डिस्कवरच्या पार्टिशनमध्ये. मी डिस्क बॅगेत घालून पुण्याला गेलो, तेव्हा ताईच्या विंडोजची किल्लीही सोबत घेऊन गेलो.

तुमच्याकडे असं आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. विंडोजमध्ये स्टार्टवर उजवी क्लिक करा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. ज्या पट्टीवर सी ड्राइव्ह आहे त्याच पट्टीवर 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' लिहिलेला छोटा चौकोन आहे का, ते बघा. नसेल तर तुमचं विंडोज उसन्या दारातून आत जातंय. ताईच्या पट्टीवर तो चौकोन नव्हताच.

लिनक्सच्या बाजूने बघायचं तर टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्या. डिस्क आणि त्यांच्या पार्टिशनांची झाडासारखी यादी येते. '/बूट/ईएफआय' ज्या ओळीसमोर आहे ती ओळ कुठल्या डिस्कखाली येते ते बघा, आणि नुसतं '/' कुठल्या डिस्कखाली आहे तेही. दोन्ही एकाच डिस्कखाली असायला हवेत. एक एसडीएखाली (हे साटा डिस्कचं लिनक्समधलं नाव) आणि दुसरं एनव्हीएमईखाली असेल तर लिनक्स उसन्या दारावर चाललंय.

विंडोजला स्वतःचं दार करून देणं

ताईच्या मशीनवर हे मी फोनवरून करून घेतलं. शेजारच्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करून दिला. खालच्या आज्ञा फोनवर जशा सांगितल्या तशाच लिहितो, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करताना बूट मेन्यूत त्याच्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेला पर्याय निवडा. साध्या नावाचा पर्याय निवडला तर पुढचं सगळं व्यर्थ जाईल. इन्स्टॉलेशन सुरू करू नका, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्टपर्यंत जा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलेलं असेल तर हे एन्क्रिप्शन तुम्ही न सांगताही चालू झालेलं असू शकतं. ती की खात्याच्या पानावर मिळते. आत्ता मशीन ठीक चालू असेल तर वाचणं थांबवा आणि आधी ती की कागदावर उतरवून घ्या. मोबाईलमध्ये फोटोसुद्धा चालेल, फक्त त्याच मशीनमध्ये साठवू नका.

मग 'डिस्कपार्ट'. पहिली आज्ञा 'लिस्ट डिस्क'. इथे घाई करायची नाही. डिस्कचा क्रमांक बघून भरवसा ठेवू नका, आकारमान बघा. ताईला मी तीनदा विचारलं, "आकडा वाच. ४४७ आहे ना?" (४८० जीबीची डिस्क विंडोजला ४४७ दिसते.) पेनड्राइव्हही याच यादीत असतो. ओळीच्या शेवटी जीपीटीच्या (यूईएफआयला लागणाऱ्या मांडणीच्या) रकान्यात चांदणी आहे याचीही खात्री करा. 'क्लीन' ही आज्ञा कुठल्याही परिस्थितीत द्यायची नाही. ती डिस्कवरची सगळी पार्टिशनं पुसते आणि पुन्हा विचारतही नाही.

'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा क्रमांक. 'लिस्ट पार्टिशन', त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे सी, ते 'सिलेक्ट पार्टिशन' आणि त्याचा क्रमांक देऊन निवडा. 'श्रिंक डिझायर्ड=३००' म्हटलं की त्यातून ३०० एमबी मोकळे होतात. 'क्रिएट पार्टिशन ईएफआय'. 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२'. 'असाइन लेटर=एस'. शेवटी 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन विंडोजच्या पार्टिशनला इथे कुठलं अक्षर मिळालंय ते पाहून ठेवा. पेनड्राइव्हवरून आल्यावर सी हा सीच असेल असं नाही, ताईच्या मशीनवर तो डी झाला होता. मग 'एक्झिट'.

आता मुख्य आज्ञा, 'बीसीडीबूट'. तिच्यापुढे विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, मग तिरपी रेघ आणि एस, त्यापुढे आपण दिलेलं अक्षर एस आणि विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, मग तिरपी रेघ आणि एफ, त्यापुढे यूईएफआय. उत्तर येतं, 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड'. हे वाक्य ताईने मला फोनवर अक्षरं जुळवत वाचून दाखवलं. पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं आणि विंडोज उघडलं. पावणेबारा वाजले होते. दोन्ही फॉर्म त्याच संध्याकाळी प्लेटला गेले.

महिन्याने मी माझी डिस्क परत बसवली तेव्हा बूट मेन्यूत 'विंडोज बूट मॅनेजर' दोनदा दिसू लागलं, एक ताईच्या डिस्कवरचं, एक माझ्यावरचं जुनं. जुनं तसंच राहू दिलं तर पुढे कधीतरी मशीन तेच निवडतं आणि घोळ पुन्हा सुरू होतो. ताईचं नवं दार आठवडाभर नीट चाललं, मगच मी माझ्या डिस्कवरच्या पार्टिशनमधलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर काढलं आणि लिनक्समधल्या 'ईएफआयबूटएमजीआर' या आज्ञेने ती नोंदही पुसली. आधी नवं तपासायचं, मग जुनं काढायचं. या क्रमात बदल करू नका.

लिनक्स उसन्या दारावर असेल तर

हा प्रकार जास्त आढळतो, कारण बहुतेकांकडे विंडोज आधीपासून असतं. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यानंतर जुन्या मशीनमध्ये एक एसएसडी वाढवून तिच्यावर लिनक्स टाकणारे बरेच जण दिसतात. त्यांचं लिनक्स नव्या डिस्कवर आणि ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम, मात्र विंडोजच्या डिस्कवर असतो. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये 'बूटलोडर कुठल्या डिस्कवर टाकायचा' असा पर्याय असायचा, पण यूईएफआय पद्धतीत तो निवडूनही ग्रब पहिल्या डिस्कच्या पार्टिशनमध्ये जात असे. म्हणजे माणसाने काळजीपूर्वक योग्य डिस्क निवडलेली असायची आणि तरी चूक व्हायची.

लिनक्स नुकतंच टाकलेलं असेल, आत फारसं काही नसेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. विंडोजची डिस्क काढा आणि लिनक्स पुन्हा टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. आत काम साठलेलं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) जीपार्टेड हा पार्टिशनं बदलायचा प्रोग्राम उघडा, लिनक्सचं पार्टिशन थोडं आखडून ५०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन करा, त्याला 'ईएसपी' हा फ्लॅग द्या. मग तुमच्या लिनक्समध्ये येऊन एफएसटॅब फाइलमधल्या (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) '/बूट/ईएफआय'च्या ओळीतला यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, बदलून नव्या पार्टिशनचा घाला, ते माउंट करा आणि 'ग्रब-इन्स्टॉल' पुन्हा चालवा. एसडीए, एसडीबी ही नावं तिथे लिहू नका. मशीन सुरू होताना डिस्क कुठल्या क्रमाने जाग्या होतील त्यावर ही नावं बदलतात, यूयूआयडी बदलत नाही.

नवीन सिस्टीम टाकताना दुसरी डिस्क सोडवून ठेवणं हा या सगळ्यावरचा खरा उपाय आहे. साटा डिस्क असेल तर नुसती डेटा केबल ओढून काढली तरी पुरतं, मशीन बंद असताना. एनव्हीएमई असेल तर एकच बारीक स्क्रू काढायचा असतो. तो सुटला की पट्टी एका टोकाला तिरकी वर उचलली जाते, तशीच सरळ ओढून घ्यायची. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, कॅबिनेटमध्ये पडला तर सापडत नाही, म्हणून मशीन आडवं ठेवा आणि स्क्रू लगेच वाटीत टाका. काही मदरबोर्डवर बायोसमधून तो स्लॉट किंवा साटाचा पोर्ट तात्पुरता बंद करता येतो, ते त्याहून बरं.

एनव्हीएमई बसवल्यावर जुनी साटा डिस्क गायबच झाली असेल तर घाबरू नका. बऱ्याच मदरबोर्डवर एम.टू स्लॉट (एनव्हीएमई बसते तो) वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात. कुठले ते बोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

दुसरं दुखणं: घड्याळ किती चुकलंय ते बघा

किल्लीचा प्रश्न सुटला तरी आमच्याकडे बूटचा क्रम मधूनच उलटत होता. त्याचं मूळ घड्याळात सापडलं. म्हणून आता कोणी दोन सिस्टीमची तक्रार घेऊन आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, घड्याळ नक्की कितीने चुकतंय?

बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर मशीनमध्ये बिघाड काहीच नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक म्हणजे यूटीसी वेळ ठेवतं. सकाळी दहाला लिनक्स बंद करून विंडोज उघडलं तर ते साडेचार दाखवतं. उलट बाजूने आलात तर लिनक्स काही क्षण दुपारचे साडेतीन दाखवू शकतं. इंटरनेट जोडलं की वेळ सुधारते म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण तेवढ्या वेळात ब्राउझर कधी सुरक्षित साइटना नकार देतो, मशीनवरच्या ऑथेंटिकेटरचे कोड चालत नाहीत, आणि फाइलींवर चुकीची वेळ पडते. ताईच्या फोल्डरमध्ये दुरुस्त केलेलं प्रूफ जुनं आणि जुनं प्रूफ नवं दिसत होतं. एकदा चुकीचं पान छापायला जाता जाता राहिलं.

उपाय दोनपैकी एकाच बाजूला करायचा, दोन्हीकडे केलात तर पुन्हा साडेपाच तासांचा फरक पडेल. सोपा उपाय लिनक्समध्ये आहे. 'टाइमडेटसीटीएल'ला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की लिनक्सही स्थानिक वेळ पाळतं. लिनक्स त्यावर एक इशारा दाखवतं, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे दोन्ही सिस्टीम आपापल्या परीने तास बदलून गोंधळ घालू शकतात. भारतात हा प्रकारच नाही, त्यामुळे इथे हा उपाय निर्धोक आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असाल तर मात्र विंडोजलाच यूटीसी शिकवा. रजिस्ट्रीत 'टाइमझोनइन्फर्मेशन' या किल्लीखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची.

आणि घड्याळ साडेपाच तासांनी नव्हे, वर्षंच्या वर्षं मागे गेलं असेल, बोर्ड बनलं त्या काळातली एक जानेवारी दाखवत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. त्याच्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. तो गेला की बायोसची सगळी मांडणी मूळ पदावर येते. बूटचा क्रम जातो, सिक्युअर बूट (सही असलेल्याच फाइलींना सुरू होऊ देणारी सोय) बदलतं, कधी डिस्क चालवण्याचा मोड 'एएचसीआय'वरून 'रेड' (आरएआयडी) होतो किंवा उलटं. मोड बदलला की विंडोज निळ्या पडद्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबतं, आणि लोक बिचारे विंडोज पुन्हा टाकायला घेतात. मोड जसा होता तसा केला की तेच विंडोज मुकाट उघडतं.

हा सेल आपल्याकडे लवकर का संपतो, त्याचं कारण भिंतीवर आहे. प्लगचं बटण चालू असेपर्यंत मशीन बंद असतानाही घड्याळाला वीज मिळत राहते. ताई रात्री निजताना बोर्डाचं बटण बंद करते, आईने लावलेली सवय आहे आणि वळवाच्या दिवसांत ती योग्यही आहे. पण मग रात्रभर सेलच घड्याळ चालवतो. बटण चालू ठेवा असं मी सांगणार नाही. वीज कडाडत असताना बटण बंदच हवं. फक्त चार-पाच वर्षं जुन्या मशीनमध्ये असलं काही होऊ लागलं तर आधी सेल बदला. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.८ व्होल्टच्या खाली गेला असेल तर वाट बघू नका. सेल बदलण्याआधी बायोसच्या बूट, साटा मोड आणि सिक्युअर बूट या तीन पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या मशीनच्या आतल्या बाजूला मी त्यांची प्रिंटच चिकटवली आहे.

तिसरं दुखणं: दोघांची सामायिक डी

ताईची डी ड्राइव्ह मी लिनक्समधून उघडायचो. कधी उघडायची, कधी फक्त वाचता यायची, कधी सरळ नकार. हे फास्ट स्टार्टअपमुळे होतं. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं की ते पूर्ण बंद होत नाही, आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. त्या अवस्थेत एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, ड्राइव्ह अर्धवट उघडी असते. लिनक्स तिच्यात लिहायला नकार देतं ते आपल्याच भल्यासाठी. जबरदस्तीने लिहिलंत तर विंडोज जागं झाल्यावर फाइली जाऊ शकतात. म्हणून नेटवर मिळणारे 'जबरदस्तीने माउंट करा' छापाचे उपाय करू नका.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतील. तोवर लिनक्समध्ये जायचं असेल तर शट डाउनऐवजी रिस्टार्ट करा, रिस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आली नाही ना, हे एकदा बघून घ्या.

वेगळ्या डिस्कही जिथे वाचवत नाहीत

दोन्ही डिस्कना आपापलं दार मिळालं, तरी एक गोष्ट सामायिकच राहते, ती म्हणजे मदरबोर्डवरची चिप. हे ऑगस्ट २०२४ मध्ये अनेकांना कळलं. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने जुन्या, धोकादायक बूटलोडरना रोखणारी एक यादी चिपमध्ये लिहिली. दोन सिस्टीम असलेल्या मशीनना ती लागू होणार नव्हती, पण बऱ्याच ठिकाणी झाली. लिनक्स सुरू करताना 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश येऊन मशीन बंद होऊ लागलं. लिनक्स वेगळ्या डिस्कवर असूनही, कारण नियम डिस्कवर लिहिलेला नव्हता.

असं झालं तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, 'मोकयूटिल'ला 'सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' सांगा आणि एकदा रिस्टार्ट करून लिनक्समध्येच या. मग शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आणि ग्रब यांच्यासकट सगळी अपडेट घ्या आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. ते कायमचं बंद ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. आणि बंद करण्याआधी बिटलॉकरची की जवळ आहे ना, ते बघा. असा बदल झाला की विंडोज ती मागू शकतं.

ग्रबच्या मेन्यूत विंडोजचं नाव दिसत नाही, ही तक्रारही याच घरातली. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. चालू करता येतो. पण डिस्क वेगळ्या असतील तर मी तो चालू करतच नाही. ग्रबमधून विंडोज उघडलं की बिटलॉकरला सुरुवात बदललेली दिसते आणि तो की मागू शकतो. शिवाय पुन्हा एकाचं दार दुसऱ्याच्या घरातून काढल्यासारखं होतं. मशीन सुरू होताना बूट मेन्यूचं बटण दाबा आणि हवी ती डिस्क निवडा. गिगाबाइटच्या बोर्डवर एफ१२, असूसवर एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. डेल आणि लेनोव्होच्या मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९. रोज जी सिस्टीम जास्त लागते ती बायोसमध्ये पहिली ठेवा. आमच्याकडे ताईची पहिली आहे, आणि कीबोर्डच्या वर तिने स्वतःच्या हाताने एक पट्टी लावली आहे: 'दादासाठी एफ१२'. घरातली लहान मुलं मला दादा म्हणतात, म्हणून तीही.

शेवटची तपासणी

हे सगळं झाल्यावर एक तपासणी केल्याशिवाय काम झालं असं समजू नका. मशीन बंद करा, प्लग काढा, एक डिस्क सोडवा आणि चालू करा. उरलेली सिस्टीम कोणाच्या मदतीशिवाय उघडली पाहिजे. मग ती डिस्क परत लावून दुसरी सोडवा आणि तेच करा. डिस्क परत लावल्यावर काही मदरबोर्डच्या यादीत तिची नोंद राहत नाही, हे या वेळी लक्षात येईल. विंडोजचं सहसा अडत नाही, कारण त्याच्या पार्टिशनमध्ये ईएफआय, त्यात बूट, त्यात 'बूटएक्स६४' अशी एक राखीव प्रत असते आणि नोंद नसली तरी बोर्ड ती शोधतं. लिनक्ससाठी 'ग्रब-इन्स्टॉल'ला 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन तशीच प्रत करून ठेवता येते. मात्र लिनक्सची स्वतःची डिस्क, स्वतःचं पार्टिशन असेल तेव्हाच हे करा, सामायिक पार्टिशनमध्ये केलंत तर विंडोजची प्रत पुसली जाईल.

मी ही तपासणी जानेवारीत केली. माझी डिस्क टेबलावर ठेवली होती, ताई मागे उभी होती. विंडोज उघडलं, तिने कोरल चालू करून एक जुनी फाइल उघडून पाहिली, अक्षरं नीट आहेत ना ते बघितलं आणि म्हणाली, "आता ने तुझी डिस्क कुठे न्यायची तिकडे."